विचारून सांगते

भाग्यश्रीला निडी गाव आणि त्याच्या वरच्या अंगाची आदिवासी वाडी यांची आशा सेविका म्हणून काम मिळून जेमतेम पाच महिने झाले होते, तेवढ्यात जगभरची ती साथ येऊन तिच्या डोक्यावर आदळली. प्रशिक्षणात तिला गरोदर बाईचं वजन, बाळाच्या लसी, डबक्यात सोडायचे गप्पी मासे असं बरंच शिकवलं होतं. करोना हा शब्द त्यात कुठेच नव्हता. आणि लोकांचे प्रश्न तर असे, की शिकवणाऱ्यांनाही घाम फुटावा. सुकट मुंबईहून आलेली असेल तर पुन्हा उन्हात घालून चालेल का? फणस वातूळ, मग तो साथीत खावा का? हात धुवायचं औषध दारूपासून करतात म्हणे, मग मोहाची पोटात घेतली तर माणूस आतून धुतला जाणार नाही का? हा शेवटचा प्रश्न विचारणारे गृहस्थ उत्तराची वाट न बघता प्रयोगाला लागलेही होते. गावातल्या एका शिकल्यासवरल्या घरात भेंडी कपड्यांच्या पावडरीत धुतली गेली आणि ती भाजी खाऊन चौघंजण दिवसभर परसाकडे धावत राहिले. वर त्यांनी भाग्यश्रीलाच विचारलं, हीच का त्या रोगाची लक्षणं?

ती घरी येऊन रडायची. नवरा रमेश कंपनीतून शिफ्ट करून यायचा, तो म्हणायचा, ठोकून दे काहीतरी, तुझं उत्तर तपासायला कोण बसलंय. पण तिला ते जमत नव्हतं. शेवटी उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सांगितलं, अष्टमीला जा, रूथबायकडे. तिला सगळं ठाऊक आहे.

हे मात्र साफ खोटं निघालं, आणि तिथूनच ही गोष्ट सुरू होते.

अष्टमी म्हणजे रोह्याचाच नदीपलीकडचा भाग. तिथे एका बैठ्या कौलारू घराच्या पडवीत रूथ एलियास अष्टमकर नावाची चौऱ्याहत्तर वर्षांची निवृत्त नर्स लाकडी खुर्चीत बसलेली असायची. पांढरी सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, नाकावर घरी शिवलेला मास्क. अंगणात चुन्याची गोल वर्तुळं काढलेली. विचारायला येणाऱ्याने वर्तुळात उभं राहायचं आणि तिथूनच बोलायचं. गल्लीतली माणसं सकाळी अशी ओळीने उभी असायची आणि आपापली दुखणी खणखणीत आवाजात सांगायची, त्यामुळे अष्टमीत कोणाला मूळव्याध आहे हे त्या वर्षी कोणापासून लपून राहिलं नाही.

भाग्यश्रीचा प्रश्न साधा होता, पण तातडीचा होता. निडीतल्या एका ओल्या बाळंतिणीला ताप आला होता. सासू बाळ जवळ देत नव्हती आणि बाळ भुकेने रडून रडून निळं पडत होतं. त्या बाईने बाळाला अंगावर पाजावं का?

रूथबायने तिचं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ठाऊक नाही. विचारून सांगते."

भाग्यश्रीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दोन तासांची पायपीट करून ती आली होती, आणि जिला सगळं ठाऊक ती बाई म्हणते ठाऊक नाही! ती मुकाट परत फिरली. निडीच्या रेल्वे फाटकापर्यंत पोचते तोच फोन वाजला. रूथबायने पेणच्या डॉक्टर दिनानाथांना गाठलं होतं. हे दिनानाथ पंचवीस वर्षांपूर्वी रूथबायच्या हाताखाली, म्हणजे कागदोपत्री तिच्या वरती, नवीन डॉक्टर म्हणून कोलाडला आले होते. आता पेणला त्यांचा दवाखाना होता. त्यांनी दोन ठिकाणी विचारून खात्री केली होती. पाजावं. हात साबणाने धुवावेत, तोंडाला मास्क लावावा आणि खुशाल पाजावं. दूध थांबवू नये.

बाळ प्यायलं. दोघं बरी झाली. आणि भाग्यश्रीच्या मनात त्या दिवशी काहीतरी हललं. ठाऊक नाही असं म्हणणारी मोठी माणसं तिने तोवर पाहिलीच नव्हती. तिच्या घरात, शाळेत, ग्रामपंचायतीत सगळ्यांना सगळं ठाऊक असायचं. फोनवर तर विचारूच नका, तिथे जो तो वैद्य.

मग ती आठवड्यातून दोनदा जायला लागली आणि तिला एकेक कळत गेलं. रूथबाय बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. तिचे वडील एझ्रा यांचा अष्टमीत तेलाचा घाणा होता आणि शनिवारी तो बंद असायचा, म्हणून जुनी माणसं त्यांना अजून शनवार तेली म्हणायची. एके काळी या गल्लीत त्यांची चौदा घरं होती. एकेक करत बाकीची सगळी इस्राएलला गेली. रूथबायची मुलगी दीनासुद्धा तिकडेच, अश्दोद नावाच्या गावात. ती रोज फोनवर दिसायची आणि रोज एकच सांगायची, आई, घराबाहेर पडू नकोस. रूथबाय हो म्हणायची आणि पडवीत येऊन बसायची. पडवी घरातच धरायची की बाहेर, यावर मायलेकींचं वर्षभर एकमत झालं नाही.

छत्तीस वर्षं तिने या तालुक्यात नर्स म्हणून काम केलं. कोलाडपासून निडीपर्यंत एक वाडी सोडली नाही, आणि तेव्हा रस्ते नव्हते, पावसाळ्यात ओढे छातीपर्यंत यायचे. भाग्यश्रीच्या आईचं बाळंतपणही तिनेच केलं होतं. हे कळल्यावर भाग्यश्रीने आईला फोन करून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, ती बाय व्हय, तुझी नाळ तिनंच कापली, आणि तू आधी रडली नायस म्हणून पाठीत दोन धपाटेही तिनंच घातले. भाग्यश्रीला वाटलं, म्हणजे मला श्वास घ्यायला लावलं ते हिने. त्या दिवसापासून ती रूथबायकडे जरा वेगळ्याच नजरेने बघायला लागली.

रूथबायची रीत ठरलेली होती. ठाऊक असेल ते सांगायचं. नसेल तर कॅलेंडरच्या जुन्या पानामागे प्रश्न लिहून ठेवायचा, पेणला फोन करायचा आणि उत्तर आलं की ज्याचा प्रश्न त्याला गाठून सांगायचं. कधी दोन दिवस लागायचे, कधी दहा. पण सांगितल्याशिवाय ती ओळ खोडली जायची नाही. भाजीवाला, रिक्षावाला, कोणी असो. एकाने तर वैतागून सांगितलं, बाय, मी तो प्रश्न केव्हाच विसरलोय. ती म्हणाली, मी नाही विसरले, आता ऐक.

सगळ्यात जास्त वेळा ती सांगायची ते हे, की डोळे, नाक, तोंड यांना हात लावू नका. इतक्यांदा सांगायची, की अष्टमीतल्या पोरांनी त्याचा खेळ केला होता.

आता त्या घराच्या दाराबद्दल सांगायला हवं. दाराच्या उजव्या चौकटीवर, खांद्याच्या उंचीला, बोटभर लांबीची एक पितळी डबी तिरकी ठोकलेली होती. तिला मेझुझा म्हणतात. आत चामड्याच्या तुकड्यावर हाताने लिहिलेली प्रार्थना असते. घरात शिरताना आणि बाहेर पडताना त्या डबीला बोटं लावायची आणि ती बोटं ओठांना लावायची, अशी या लोकांची रीत. रूथबाय चालायला लागली तेव्हा वडिलांनी कडेवर घेऊन तिला हे शिकवलं होतं. आज तिचा हात आपोआप जायचा, जशी आपली पावलं देवळाबाहेर चपला काढतात. बोलता बोलता, भांडता भांडता, हातात चहाचा कप असला तरी दुसऱ्या हाताने ती डबीला शिवायची. भाग्यश्रीने हे शंभर वेळा पाहिलं होतं आणि तिला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. तिलाच काय, कोणालाच दिसलं नव्हतं.

दिसलं ते ठमीला.

ठमी म्हणजे निडीवरच्या वाडीतली साठीची बाई. दात चार, जीभ मात्र पुरी. ती नदीतले मासे आणि खेकडे टोपलीत घेऊन रोह्याला विकायला यायची आणि रूथबायचं घर तिचं ठरलेलं. तिथे ती खेकडे बाहेरच झाकून ठेवायची आणि खवल्यांचे मासे तेवढे निवडून पडवीत न्यायची, कारण या घरात बिनखवल्यांचं चालत नाही हे तिला तीस वर्षांपासून माहीत होतं. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत, साथ जरा ओसरल्यासारखी वाटत होती तेव्हा, ती अशीच आली. वर्तुळांत सात-आठ माणसं उभी, त्यांत भाग्यश्री. रूथबाय मासे ठेवायचं भांडं आणायला आत गेली, बाहेर आली, खुर्चीत बसली आणि कोणाला तरी सांगायला लागली, की तोंडाला हात लावू नका.

ठमी टोपलीवर हात ठेवून म्हणाली, "बाय, येक इचारू? तू आमाला सांगतंस तोंडाला हात लावू नका. मंग तू घरात शिरताना त्या डबीला बोटं लावतंस आन तीच बोटं तोंडाला लावतंस. ता कसा चालतो?"

भाग्यश्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एखाद्याच्या देवाबद्दल असं चारचौघांत विचारतात का? एक रिक्षावाला तर ठमीवर डोळे वटारायला लागला.

रूथबाय आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिली. वर्षभर तिने मास्क एका कानावरून सोडून ओठांना बोटं लावली होती आणि मास्क पुन्हा चढवला होता, दिवसातून वीस-वीसदा. त्या चौकटीला येणारा-जाणारा प्रत्येक जण हात टेकत होता. ती उठून उभी राहिली.

"ठमे, चालत नाही," ती म्हणाली. "माझं चुकलं. वर्षभर चुकत होतं आणि मला कळलं नाही."

एवढ्यावर ती थांबली असती तरी पुष्कळ होतं. पण पुढचा आठवडाभर जो जो आला त्याला तिने हे आपणहून सांगितलं. मी तुम्हाला एक सांगत होते आणि स्वतः दुसरंच करत होते, ठमीने दाखवून दिलं. लोकांना हे ऐकताना अवघडल्यासारखं व्हायचं, हिला नाही. आणि त्या दिवसापासून दारातून जाताना ती उजवा हात पाठीमागे डाव्या हाताने घट्ट धरायची, क्षणभर डबीसमोर मान झुकवून उभी राहायची आणि मग उंबरा ओलांडायची. सत्तर वर्षांची सवय अशी पाठीमागे धरून ठेवायची म्हणजे काय, ते भाग्यश्रीला बघवायचं नाही. पण नजरही निघायची नाही.

एप्रिल उजाडला आणि साथ दुप्पट जोराने परत आली.

या वेळी ती गावांत शिरली. कोलाडला घरं बंद झाली, निडीत रोज नवीन ताप. भाग्यश्री बोटाला लावायचा चिमटा घेऊन घरोघर फिरत होती. बोटाला चिमटा लावला की रक्तातली हवा किती ते आकड्यात कळतं. चौऱ्याण्णवच्या वर असली तर बरं. वाडीत मात्र तिला प्रत्येक झोपडीत एकच उत्तर मिळायचं, सगळी बरी हायत. पाणीसुद्धा कोणी विचारत नव्हतं.

त्याला कारण होतं आणि ते भाग्यश्रीला पक्कं ठाऊक होतं. आदल्या ऑगस्टमध्ये वाडीतल्या कृष्णाला ताप आला, धाप लागली. गाडी बोलावून त्याला न्यायला लावलं ते भाग्यश्रीने. जाताना त्याची बायको गाडीच्या दाराला धरून उभी होती, तेव्हा भाग्यश्रीने तिच्या पाठीवरून हात फिरवून सांगितलं होतं, घाबरू नका, चार दिवसांत परत येईल. तिने ते मायेने सांगितलं होतं. कृष्णा परत आला नाही. तो गेल्याचंसुद्धा वाडीला नऊ दिवसांनी कळलं.

म्हणून जेव्हा ठमी सलग पाच दिवस दिसली नाही आणि तिचा नवरा मारुती म्हणाला, ती मोह येचायला रानात गेलीय, तेव्हा भाग्यश्रीचा त्यावर विश्वास बसला नाही. मोहाचा हंगाम केव्हाच सरला होता. आणि मारुती बोलताना टेकडीवरच्या पडक्या मांगराकडे, म्हणजे शेतावरच्या जुन्या खोपटाकडे, चोरून बघत होता. ती तिकडे वळली तसे वाडीतले चार जण वाटेत येऊन उभे राहिले. ती मागे फिरली आणि तिने अष्टमीला फोन लावला. सगळं सांगून शेवटी म्हणाली, बाय, ठमी वर मांगरात आहे आणि तिला हे मरू देणार आहेत, माझ्यामुळे.

रूथबायने लशीचा पहिला डोस घेतला होता, दुसरा व्हायचा होता. दीनाने तिला बाहेर न पडण्याची शपथ घातली होती. तासाभरात ती रिक्षाने वाडीखाली उतरली, काठी टेकत चढण चढली आणि वाडीच्या तोंडाशी आंब्याखाली एका दगडावर बसली. आत पाऊल टाकलं नाही. माणसं लांब लांब गोळा झाली. भाग्यश्रीला वाटलं, आता ही त्यांना झापणार. तो अधिकार तिला होता, त्यातल्या निम्म्यांच्या नाळा तिने कापल्या होत्या.

"छत्तीस वर्षं मी इथे येऊन तुम्हाला सांगत आले," रूथबाय म्हणाली. "आज विचारायला आलेय. कृष्णाला नेलं, तेव्हा काय काय झालं? मला कोणी सांगितलं नाही. सांगा."

मग कृष्णाची बायको बोलायला लागली आणि ती थांबेना. कुठल्या गाडीने नेलं, कुठून कुठे हलवलं, कोणता फोन उचलला जायचा नाही. उचलला तर पलीकडून सांगायचे बरा होतोय, आणि तो गेल्यावरही दोन दिवस बरा होतोय असंच सांगत होते. माती द्यायला आपलं माणूस नव्हतं. त्याच्या कमरेची करगोटीसुद्धा परत आली नाही. आणि या आशाताईने सांगितलं होतं चार दिवसांत येईल. भाग्यश्री तिथेच उभी होती. तिने मान खाली घातली.

दोन तास रूथबाय ऐकत राहिली. मध्ये एकदाही तिने कोणाची बाजू घेतली नाही, कारणं सांगितली नाहीत, गर्दी किती होती आणि माणसं किती कमी होती हे काढलं नाही. सगळे बोलून दमले तेव्हा ती हळू म्हणाली, "हे चुकलं. तुम्हाला खरं सांगायला पाहिजे होतं. माझा नवरा गेला तेव्हा प्रार्थनेला आमच्यातली दहा पुरुषमाणसं लागत होती. पेणहून दोन आली, अलिबागहून चार, रोह्यात एक होता. सातच झाली. माती द्यायला माणूस नसलं की कसं वाटतं, ते मला ठाऊक आहे."

मग मारुती पुढे आला. तो टेकडीकडे चालू लागला आणि भाग्यश्रीला मागे यायची खूण केली. मांगरात ठमी पडली होती, ओठ काळपट, बोलताना एका शब्दाला दोन श्वास. चिमट्यावर आकडा आला चौऱ्याऐंशी.

खाली आल्यावर मारुतीने तो प्रश्न विचारला, ज्याला सगळेच घाबरत होते. "नेली तर वाचंल का ती, बाय?"

भाग्यश्री मनात देवाचा धावा करत होती. बाय, एवढं एकदा हो म्हणा. नाही म्हणालात तर हे तिला खाली आणणार नाहीत. एक शब्द, एकदाच खोटं, एका जिवासाठी.

"ठाऊक नाही, मारुती," रूथबाय म्हणाली. "इथे राहिली तर तिला हवा पुरणार नाही, एवढं ठाऊक आहे. तिथे हवा मिळेल. वाचेल का, ते मला ठाऊक नाही."

मारुती तिच्याकडे बघत राहिला.

"मंग इचारून सांगशील ना?"

"रोज. सकाळी आणि संध्याकाळी. चांगलं असेल तेही सांगेन आणि वाईट असेल तेही."

मारुती वळला आणि त्याने दोघांना हाक मारली. डोलीला काठी आणा म्हणाला.

ठमीला तालुक्याच्या करोना केंद्रात हवा लावली. रूथबाय रोज दोनदा तिथे फोन करायची आणि लगेच वाडीतल्या स्वप्नालीच्या फोनवर मारुतीला सांगायची. स्वप्नालीचा फोन ठेवायला झोपडीच्या दारात एक जागा केली होती, कारण रेंजचा पट्टा तिथेच यायचा. वेळ झाली की सगळी वाडी तिथे लांब लांब उभी राहायची.

चौथ्या दिवशी सकाळी केंद्रातून सांगितलं, आकडा घसरलाय, मोठ्या मशीनवर घेतोय, सांगता येत नाही. भाग्यश्री अष्टमीतच होती. ती हात जोडून म्हणाली, बाय, आजच्या दिवस नका सांगू. सांगितलंत तर वाडी पुन्हा बंद होईल, आणखी तीन घरांत ताप आहे, ते रानात पळतील. संध्याकाळी चांगलं कळलं तर दोन्ही मिळून सांगा. रूथबायने फोन दोनदा उचलला आणि दोनदा खाली ठेवला, हे भाग्यश्रीने स्पष्ट पाहिलं. हिलाही भीती वाटत होती तर! इतके दिवस भाग्यश्रीला वाटत होतं, ही बाई कशालाच भीत नाही, म्हणून हिला खरं बोलणं जमतं. रूथबायने फोन लावला आणि जसं होतं तसं सांगितलं. पलीकडून मारुती म्हणाला, बरा. फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी सात वाजता भाग्यश्री उपकेंद्रावर पोचली तर पायरीवर मारुती उभा. मागे झाडाखाली वाडीतली अकरा माणसं, पदराने, पंच्याने, मिळेल त्याने तोंड बांधलेली. दोन म्हाताऱ्या, एक पोटुशी बाई, कृष्णाची बायको. तापाची होती ती सगळी. चालत आली होती, आपणहून.

"बायनं वाईट होता ता पन सांगितलान," मारुती म्हणाला. "आता तपास आमाला."

तिने एकेकाच्या बोटाला चिमटा लावला, आकडे लिहिले, आणि लिहिताना तिला अक्षरं दिसेनात. अकरा माणसांना रानातून खाली आणायला गाडी, पोलीस, पत्रकं, भोंगा सगळं वापरून झालं होतं. ती ‘ठाऊक नाही’ या दोन शब्दांनी आली होती, आणि तेही असे, की जे बोलायला जगात कोणी तयार नसतं. त्या अकरांतलं कोणी गेलं नाही. चौघांना केंद्रात न्यावं लागलं, बाकीची घरीच बरी झाली. ठमी एकोणीस दिवसांनी परत आली, निम्मी होऊन. जीभ मात्र शाबूत होती. केंद्रातली आमटी कशी पाणचट होती हे तिने वाडीला तीन दिवस सांगितलं.

त्या दिवसानंतर भाग्यश्रीही ते दोन शब्द बोलायला शिकली. पहिल्यांदा बोलली तेव्हा तिची जीभ अडखळली. समोरच्या बाईने तिला पाणी दिलं.

वर्ष गेलं. मास्क सुटले, गाड्या सुरू झाल्या, अंगणातली वर्तुळं पुसट झाली. रूथबाय मात्र अजूनही दारात हात पाठीमागे धरून उभी राहायची. दोन हजार बावीसच्या मे महिन्यात ठमी करवंदं घेऊन आली. भाग्यश्री पडवीत बसली होती. रूथबाय आतून बाहेर आली, दारात थबकली, मान झुकवली. ठमी तिच्या पाठीमागच्या हातांकडे बघत राहिली.

म्हणाली, आता लाव की गो हात, किती दिवस धरून ठेवशील.

रूथबाय खुर्चीत बसत म्हणाली, तूच बंद केलंस. आता चालतं का, ते तुला ठाऊक आहे का?

ठमीने विचार केला. करवंदांवरचं पान सारखं केलं. "ठाऊक नाय," ती म्हणाली. "इचारून सांगतंय."

दोघी हसल्या. भाग्यश्रीही हसली, आणि विसरून गेली.

चौथ्या दिवशी सकाळी ती रूथबायच्या रक्तदाबाची गोळी घेऊन आली, तर ठमी पडवीच्या पायरीवर आधीच बसलेली. टोपली नव्हती. अंगावर धुतलेलं लुगडं, केसांना तेल. ती निडीहून गाडीत बसून पेणला जाऊन आली होती. अख्ख्या आयुष्यात ती नागोठण्याच्या पुढे गेली नव्हती. पेणच्या स्टेशनात उतरून तिने लोकांना दिनानाथ डाक्तर विचारला, चुकली, परत विचारलं, आणि दवाखान्यात तीन तास नंबर लावून बसली. तुला काय होतंय विचारल्यावर म्हणाली, मला काय नाय, माझ्या बायचा येक प्रश्न हाय. डॉक्टर आधी हसले. मग हसायचे थांबले आणि त्यांनी तिला नीट सगळं विचारून घेतलं.

"चालंल म्हनतो," ठमीने सांगितलं. "पन हात धुवून. आन डबी बी पुसून घ्यायची, येणारी-जाणारी हात लावतात."

रूथबाय खुर्चीतून उठली. तिने ओल्या फडक्याने ती पितळी डबी पुसली. मग अंगणातल्या नळाखाली साबण लावून हात धुतले, बोटांच्या मधून, नखांच्या खालून, मनगटापर्यंत, जसे तिने दोन वर्षं सगळ्यांना धुवायला शिकवले होते तसे. भाग्यश्री उठून उभी राहिली होती, कशासाठी ते तिचं तिलाही कळलं नाही. रूथबाय दाराशी गेली. तिचा उजवा हात वर गेला, डबीला टेकला आणि ओठांशी आला, आणि ती तशीच उभी राहिली, खांदे हलत होते.

ठमी पायरीवरूनच म्हणाली, "रडतंस कशाला गो. आन डोळ्यांना हात नको लावू."